संपांचा इतिहास शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी बीए इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जपानी भाषेची एन-३ परीक्षा झाली आहे. आता जपानच्या कामगार संघटनांवर संशोधन करायचं म्हणते. तिथे संप होतात कुठे? वर लाल शिक्का बसेल तो वेगळाच. 'एचआरमध्ये एमबीए कर, नाहीतर पुढची फी भरणार नाही,' असं बजावलंय. बरोबर ना? – एक पालक

उत्तर : नाही. फी अडवणं हा सल्ला नव्हे, दमदाटी आहे. पत्रभर तुमची भीती आहे. मुलीला नेमका कशाचा अभ्यास करायचा आहे, याची एक ओळ नाही. विचारलंत तिला?

'संप होतात कुठे' याचं उत्तर सोह्यो या जपानी कामगार महासंघाच्या इतिहासात आहे. तो 1950 मध्ये स्थापन झाला तोच कम्युनिस्ट वर्चस्वाला पर्याय म्हणून, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर ताबा असलेल्या अमेरिकी प्रशासनाच्या आशीर्वादाने. वर्षभरात तो डावीकडे वळला. कोंबडीच्या अंड्यातून बदक निघालं, अशी थट्टा तेव्हा जपानात झाली. तेव्हा शिक्का मारायचाच तर कोणता, हे आधी ठरवा! तिथे युनियन बहुधा कंपनीपुरती असते, एकटी पडली की वाकते. म्हणून 1955 पासून आठ उद्योगांच्या महासंघांनी पगारवाढीची मागणी वसंतात एकत्र लावून धरली, हीच 'शुंतो'. 1960 मध्ये मिइके कोळसा खाणीतल्या नोकरकपातीविरुद्धचा लढा कामगार हरले. मधेच फुटून दुसरी युनियन निघाली होती. 1975 मध्ये संपाच्या हक्कासाठी सरकारी रेल्वे आठ दिवस ठप्प झाली, पण हक्क मिळाला नाही. 1989 मध्ये सोह्यो विसर्जित होऊन रेंगो या नव्या महासंघात गेला. शुंतो मात्र चालूच आहे. जपानी कंपनीत एचआर करायचं तरी हे शिकावंच लागेल.

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीसाठी दूतावासामार्फत अर्ज होतो; विषय पदवीशी जुळता लागतो, तो इथे आहेच. एन-२, एन-१ या वरच्या परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होतात. अर्ज फसतो तो संशोधन आराखड्यात. 'जपानी कामगार चळवळीचा इतिहास' असं लिहिलं की संपलं. एकच प्रश्न घ्यावा : मिइकेत दुसरी युनियन का निघाली? कागदपत्रांसाठी टोकियोतल्या होसेई विद्यापीठाच्या ओहारा समाज-संशोधन संस्थेचा संग्रह पाहावा. त्या काळची पत्रकं हाताने लिहून स्टेन्सिलवर काढलेली असत. छापील जपानी वाचणाराही तिथे अडखळतो. ते वाचन तिने आत्तापासून सुरू करावं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या.