एन्सेम्बल पद्धतीने चक्रीवादळाच्या मार्गाचा अंदाज खरंच सुधारतो का, की एकच चांगलं मॉडेल पुरेसं?

सुधारतो. एन्सेम्बल म्हणजे संगणकावरच्या हवामान-मॉडेलांतून एकाच वादळाचे अनेक अंदाज काढणं; नकाशावर प्रत्येक अंदाजाची एक रेष. पण सगळ्या रेषांची सरासरी काढून एकच रेष दाखवणार असाल, तर निम्मा फायदा तिथंच गेला. यावरून आमच्या घरात २०१९ पासून भांडण आहे, म्हणून लिहितोय.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झालेली. अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ ओमानच्या दिशेनं गेलं आणि पाठोपाठ लक्षद्वीपजवळ ‘महा’ उठलं. धाकट्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, मोबाइलवर कुणीतरी एकाच मॉडेलचा नकाशा धाडला होता. त्यात वादळ सरळ पश्चिमेला. “चाललंय तिकडं, औषध कशाला वाया घालवतोस?” मी एन्सेम्बलचं चित्र दाखवलं. काही रेषा पश्चिमेला, काही मागं वळून गुजरातकडं. तात्या म्हणाले, “ह्यातली खरी कुठली तेवढी सांग. पन्नास रेषा म्हंजे पन्नास थापा.”

महा वळलं आणि सौराष्ट्राजवळ येऊन विरलं. इकडं पावसानं घड कुजले, तात्यांच्या वाटणीच्या बागेत दावण्या हा बुरशीचा रोग घुसला.

थापा नव्हेत त्या. समुद्रावर निरीक्षणं तुटपुंजी, त्यामुळं आत्ताची हवाच नेमकी ठाऊक नसते. म्हणून युरोपचं हवामान अंदाज केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल पन्नास वेळा चालवतं. वादळ वळणार का, हे वरच्या थरातले पश्चिमी वारे त्याला गाठतात की नाही यावर असतं. निम्म्या रेषा ओमानला आणि निम्म्या गुजरातला गेल्या, तर सरासरी अशा ठिकाणी जाते जिथं एकही रेष जात नाही. गट पाडूनच बघायचं.

सुधारणेचा दुसरा रस्ता वेगवेगळ्या केंद्रांची मॉडेलं एकत्र करण्याचा. हवामानशास्त्रज्ञ टी. एन. कृष्णमूर्तींचा सुपरएन्सेम्बल तोच: मागच्या चुका बघून कुणाचं किती ऐकायचं ते ठरवायचं. आपल्याकडंही २०१८ पासून १२ किलोमीटरच्या जाळीचं एन्सेम्बल चालतं.

हां, सगळ्या रेषा एकत्र आल्या म्हणजे खात्री झाली असं नाही. मॉडेलच एका बाजूला झुकतं असेल तर सगळ्या मिळून चुकतात. तीव्रतेचा अंदाज अजून कच्चाच आहे. आणि मार्ग म्हणजे पाऊस नव्हे, वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी ढग आपल्यावर येतात.

तरी “एक काय ते सांग” म्हणून हवामानवाल्याच्या मागं लागू नका. फवारणीचा खर्च किती आणि घड गेले तर किती, एवढं बघा. चार-पाच रेषा वळत असल्या तरी फवारणी परवडते.

तात्या आजही म्हणतात, तो परतीचा पाऊस होता. त्या वर्षी मान्सून १६ ऑक्टोबरलाच देशातून गेला होता.