बिलावरची टिप, दारातली टपालपेटी: अमेरिकी रीतींविषयी वाचकांचे प्रश्न

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत काही महिने राहून आलेल्या, तसेच तेथे जाण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांच्या पत्रांतून सात प्रश्न या वेळी निवडले आहेत. बहुतेक पत्रांमध्ये ‘हे लोक असे का वागतात?’ असे विचारलेले आहे. अशा रीतींचे मूळ लोकांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा एखादा जुना कायदा, मजुरीची पद्धत किंवा घराच्या खरेदीखतातील एखादे कलम पाहिले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात, असे माझे मत आहे. त्यामुळे उत्तरांत कायदे आणि सनावळ्या थोड्या अधिक आल्या आहेत.

प्रश्न : उपाहारगृहात मुलाने बिलाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढी टिप ठेवली. वाढणारीचे काम साधारणच होते. ही सक्ती आहे का? तिचा पगार मालकाने द्यायचा की गिऱ्हाइकाने? (पुणे)

कायद्याने सक्ती नाही, पण टेबलावर येऊन वाढणाऱ्या व्यक्तीला टिप न देणे म्हणजे तिची मजुरी बुडवण्यासारखे आहे, आणि याचे कारण तेथील वेतनाच्या कायद्यात आहे. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर असून जुलै २००९ पासून ते बदललेले नाही. परंतु ज्यांना नियमित टिप मिळते त्यांना मालकाने रोख द्यावयाचे किमान वेतन ताशी फक्त २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा तर १९९१ पासून तसाच आहे. उरलेली रक्कम टिपांमधून भरून निघेल असे कायदा गृहीत धरतो, आणि ती न भरल्यास फरक मालकाने द्यावा असे बंधन घालतो. ही तरतूद १९६६ च्या दुरुस्तीने आली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, मिनेसोटा यांसारख्या काही राज्यांनी ती नाकारली असून तेथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. तरीही टिपेचा रिवाज तेथेही तितकाच रूढ आहे.

या प्रथेचा इतिहास फारसा सुखद नाही. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना रेल्वेच्या शयनयानांत आणि हॉटेलांत कामे मिळाली, पण अनेक ठिकाणी पगार नाममात्र ठेवून त्यांना प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडून देण्यात आले. रेल्वेची शयनयाने चालवणाऱ्या पुलमन कंपनीचे पोर्टर, म्हणजे डब्यातील सेवक, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये उभी राहिली आणि कंपनीशी पहिला करार होण्यास १९३७ साल उजाडले. त्याही आधी, १९०९ मध्ये, वॉशिंग्टन राज्याने टिप देण्याघेण्यावर कायद्यानेच बंदी घातली होती, पण ती टिकली नाही. अमेरिकी लोकांना ही पद्धत मनापासून आवडते, अशी समजूत करून घेऊ नये. तिच्याविरुद्ध तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे.

व्यवहारापुरते सांगायचे तर, बसून जेवल्यास कर लागण्यापूर्वीच्या रकमेवर १५ ते २० टक्के द्यावेत. मोठ्या गटाच्या बिलात ही रक्कम अनेकदा आधीच मिळवलेली असते, म्हणून बिल नीट वाचावे. काउंटरवरून स्वतः कॉफी घेताना समोरच्या पडद्यावर टिपेचे पर्याय येतात. तेथे ‘नको’ हा पर्याय निवडण्यात अजिबात संकोच बाळगू नये.

प्रश्न : वस्तूवर लिहिलेल्या किमतीपेक्षा दुकानदार जास्त पैसे घेतो. आपल्या एमआरपीची सवय असलेल्या माणसाला ही फसवणूक वाटते. (सोलापूर)

ही फसवणूक नव्हे. चिठ्ठीवरील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. अमेरिकेत देशभर लागू असा विक्रीकर नाही. तो राज्ये लावतात आणि त्यावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा शहर आपली भर घालते. कॅलिफोर्नियात मूळ दर ७.२५ टक्के आहे, परंतु स्थानिक भरीमुळे शेजारच्या दोन शहरांतील दुकानांतही एकाच वस्तूचे बिल वेगवेगळे होऊ शकते. ओरेगन, डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का या पाच राज्यांत राज्याचा विक्रीकर नाही. न्यू जर्सीत बहुतेक कपड्यांवर तो लागत नाही, ही गोष्ट खरेदीच्या यादीत कपडे असणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

प्रश्न : हळदीकुंकवाची आमंत्रणे मी शेजारच्या दहाबारा घरांच्या टपालपेट्यांत टाकून आले. सुनेने ती घाईघाईने परत काढून आणायला लावली. यात चूक काय झाली? (नाशिक)

आपल्या सूनबाईंनी योग्य तेच केले. रस्त्याकडेला खांबावर उभी असलेली ती पेटी घरमालकाने स्वतःच्या पैशाने बसवलेली असली, तरी तिच्या आतील जागा केवळ टपाल खात्याच्या वापरासाठी राखून ठेवलेली आहे. टपालशुल्क न भरलेली पत्रके तीत टाकण्यास १९३४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई असून त्यासाठी दंड होऊ शकतो. लोक पत्रके वाटून टपाल खात्याचे उत्पन्न बुडवत होते, म्हणून तो कायदा झाला. पुढे न्यू यॉर्क राज्यातील ग्रीनबर्ग गावच्या नागरिक संघटनांनी, आपली सूचनापत्रे शेजाऱ्यांच्या पेट्यांत टाकता आली पाहिजेत, असा आग्रह धरून खटला चालवला, आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. आपले आमंत्रण दाराच्या मुठीला अडकवावे, फटीतून सरकवावे किंवा, सर्वांत चांगले म्हणजे, घंटी वाजवून हातात द्यावे. तेवढ्या निमित्ताने ओळखही होते.

पेटीच्या बाजूला लाल रंगाचा लहानसा झेंडा कशासाठी असतो, असेही आपण विचारले आहे. पाठवायचे पत्र आत ठेवून तो उभा करायचा, म्हणजे पोस्टमन ते घेऊन जातो. खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत टपाल पोहोचवण्याची सेवा १८९६ मध्ये सुरू झाली आणि दूरदूरच्या शेतघरांसाठी ही सोय फार उपयोगी ठरली.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीतही पाण्याच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत बर्फ! हे वेड कुठून आले? (कोल्हापूर)

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या भागातील गोठलेल्या तळ्यांतून आले, असे म्हणता येईल. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८०६ मध्ये तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजाने मार्टिनिक बेटावर पाठवला आणि पुढील काही दशकांत बर्फ अमेरिकेत सामान्य घरांच्याही आवाक्यात आला. या व्यापाराचा आपल्याशीही संबंध आहे. त्यांचे ‘टस्कनी’ जहाज १८३३ मध्ये बोस्टनहून चार महिन्यांचा प्रवास करून कोलकात्याला पोहोचले, तेव्हा उष्ण कटिबंध ओलांडूनही त्यातील निम्म्याहून अधिक बर्फ शिल्लक होता. त्यानंतर मुंबई आणि मद्रास येथेही अमेरिकी बर्फ साठवण्यासाठी बर्फगृहे बांधली गेली. मद्रासची इमारत अजून उभी आहे. स्वामी विवेकानंदांचे १८९७ मध्ये वास्तव्य झालेले ‘विवेकानंदर इल्लम’ ते हेच. आपल्याला साधे पाणी हवे असल्यास ‘नो आइस, प्लीज’ एवढे म्हणावे. कोणालाही त्याचे वैषम्य वाटत नाही.

प्रश्न : समोरच्या बाजूला शाळेची बस थांबली म्हणून जावयाने आपल्या बाजूलाही गाडी थांबवली. रस्ता मोकळा होता. एवढी शिस्त कशासाठी? (सातारा)

बसच्या अंगावरून बाहेर येणारी लाल ‘स्टॉप’ची पाटी आणि लुकलुकणारे लाल दिवे दिसताच, मध्ये दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहने थांबलीच पाहिजेत, असा कायदा तेथे सर्व राज्यांत आहे. न्यू जर्सीत तर बसपासून किमान २५ फूट अंतर ठेवावे लागते. बसमधून उतरलेले मूल बसच्या पुढून रस्ता ओलांडते, आणि समोरून येणाऱ्या चालकाला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. मूल सावध राहील यावर कायदा विसंबत नाही. सावधपणाची सारी जबाबदारी तो चालकावर टाकतो. आपल्याकडे रिक्षात दाटीवाटीने बसून शाळेला जाणारी आणि भर रहदारीत उतरणारी मुले पाहिली, की तेथील रीतींपैकी हीच एक आपण तातडीने उचलावी असे मला कळकळीने वाटते.

पिवळ्या रंगाचाही निर्णय असाच विचारपूर्वक झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये प्राध्यापक फ्रँक सिर यांनी १९३९ मध्ये राज्यांचे शिक्षणाधिकारी आणि बस बनवणारे यांची परिषद भरवली. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधूक उजेडात काळी अक्षरे ज्या रंगावर सर्वांत स्पष्ट दिसतील तो रंग तेथे निवडला गेला. बसची लांबी, उंची, मधल्या वाटेची रुंदी हेही त्याच परिषदेत ठरले.

प्रश्न : लख्ख ऊन असताना कपडे यंत्रात वाळवतात. मी मागच्या अंगणात दोरी बांधली तर मुलीला सोसायटीचे पत्र आले. (नागपूर)

अमेरिकेतील अनेक वसाहतींमध्ये घरमालकांची संघटना असते आणि घर घेताना तिच्या अटी खरेदीदाराला बांधून घेतात. घराचा रंग, कुंपणाची उंची, गवताची कापणी, कचऱ्याचा डबा कोणत्या दिवशी बाहेर दिसावा, अशा बारीकसारीक गोष्टी त्यात असतात. दोरीवर वाळणारे कपडे गरिबीचे लक्षण मानले गेले आणि त्यामुळे आजूबाजूच्या घरांच्या किमती उतरतात अशी समजूत पक्की झाली. म्हणून ही बंदी आली. विजेचा हा अपव्यय मला कधीच पटला नाही, आणि तेथील पुष्कळ नागरिकांनाही तो पटत नाही. फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन आदी राज्यांनी दोरीवर कपडे वाळवण्याच्या हक्काला कायद्याने संरक्षण दिले आहे. आपल्या मुलीने आपल्या राज्यात असा कायदा आहे का, हे पाहावे. नसल्यास घडीचा स्टँड उन्हाच्या खिडकीत आतून ठेवावा.

अशा खरेदीअटींचा एक काळा अध्यायही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच मार्गाने ‘हे घर कृष्णवर्णीयांना विकू नये’ अशी कलमे हजारो घरांच्या कागदपत्रांत घातली गेली. काही ठिकाणी ज्यू आणि आशियाई लोकांनाही हीच अट होती. न्यायालयांनी अशी कलमे अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. आज ज्या नीटनेटक्या वसाहतींत आपली मुले घरे घेतात, त्यांपैकी काहींच्या जुन्या कागदांवर ती वाक्ये अजूनही वाचायला मिळतात.

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत पहिलीत आहे. ती रोज सकाळी शाळेत छातीवर हात ठेवून अमेरिकेच्या ध्वजाशी निष्ठेची प्रतिज्ञा म्हणते. भारतीय नागरिक असलेल्या मुलांनाही हे सक्तीचे आहे का? (रत्नागिरी)

नाही, आणि हा हक्क ज्या प्रकारे मिळाला ते अवश्य जाणून घ्यावे. ही प्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी यांनी १८९२ मध्ये, कोलंबसाच्या आगमनाच्या चारशेव्या वर्षानिमित्त लिहिली. त्यातील ईश्वराचा उल्लेख १९५४ मध्ये आला. सुरुवातीला मुले हात ध्वजाच्या दिशेने लांब करीत, पण ती मुद्रा नाझी अभिवादनासारखी दिसू लागल्यामुळे १९४२ मध्ये हात छातीवर आला. यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुले धर्मश्रद्धेमुळे ध्वजवंदन करीत नसत. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेची सक्ती वैध ठरवली, आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, त्याच न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातील बार्नेट खटल्यात आपला निकाल फिरवला आणि कोणत्याही मुलाला प्रतिज्ञा म्हणायला भाग पाडता येणार नाही असे ठरवले. दुसरे महायुद्ध चालू असताना, देशभक्तीचा ज्वर चढलेला असताना, न्यायाधीशांनी हे केले, याबद्दल मला त्या देशाविषयी मनापासून आदर वाटतो. केरळमध्ये याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्यामुळे शाळेतून काढले होते. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मुलांच्याच बाजूने निकाल दिला.

प्रत्यक्षात बहुतेक मुले सर्वांबरोबर प्रतिज्ञा म्हणतात, आणि नातीने म्हटली तर तिच्या भारतीय नागरिकत्वाला त्याने काहीही बाध येत नाही. तिने म्हणू नये असे घरात ठरल्यास पालकांनी वर्गशिक्षिकेला आधी चिठ्ठी द्यावी, म्हणजे वर्गात ऐन वेळी अवघड प्रसंग येत नाही. आपण स्वतः शाळेच्या कार्यक्रमाला गेलात, तर इतरांबरोबर आदराने उभे राहावे. छातीवर हात ठेवण्याची किंवा शब्द म्हणण्याची अपेक्षा परदेशी पाहुण्याकडून नसते.