फँटसी कट्टा : पोरगा गुणी आहे, पण ठेवू का विकू?

अमेरिकन फुटबॉलचा (एनएफएल) २०२५ चा सीझन तोंडावर आलाय त्यामुळे या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं टाईट एंडवरच आहेत, का कुणास ठाऊक. तीन निवडली.

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडे नवरा आणि मुलगा दोघंही एकाच फँटसी लीगमध्ये आहेत आणि रोज जेवताना "टाईट एंड" वरून वाद घालतात. मला फुटबॉलचं ओ की ठो कळत नाही. हा टाईट एंड म्हणजे कोण आणि त्याच्यावरून एवढं काय पेटतं?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : ताई, कबड्डी बघितलीये ना? पकड करणारा वेगळा आणि चढाईला जाणारा वेगळा, पण एखादा असा असतो ज्याला दोन्ही करावं लागतं. टाईट एंड म्हणजे तो. एका प्लेला शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला अंगावर घेऊन अडवायचं (ब्लॉकिंग), पुढच्याच प्लेला पळत जाऊन पास झेलायचा. आता फँटसीत गंमत अशी की अडवण्याचे पॉइंट शून्य. झेललेल्या पासाला एक, दर दहा यार्डांना एक आणि टचडाऊनला (बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की) सहा, एवढंच मोजतात. म्हणजे बिचारा अर्धा दिवस जे काम करतो त्याचं तुमच्या घरातल्या दोघांना काहीच देणंघेणं नाही. आणि टीममध्ये एक टाईट एंड लावावाच लागतो, फँटसी क्रिकेटमध्ये विकेटकीपर लावावा लागतो तसा. भरपूर पॉइंट देणारे लीगभरात चार-पाचच, बाकी सगळे आठवड्याला सहा-सात पॉइंटवाले. म्हणून भांडण. जेवण वाढताना रिमोट लपवून ठेवा, दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

प्रश्न : दादा, आमची ऑफिसची डायनेस्टी लीग (खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच ठेवायचे) आहे, १२ टीम, पीपीआर (कॅचमागे एक पॉइंट), वर टाईट एंड प्रीमियम म्हणजे टाईट एंडला कॅचमागे दीड पॉइंट. माझ्याकडे मार्क अँड्र्यूज आहे पण तो आता तिशीला टेकलाय, म्हणून रूकी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) मी क्लीव्हलंड ब्राऊन्सचा टाईट एंड हॅरल्ड फॅनिन ज्युनियर घेतला. सगळे हसले. एक जण म्हणाला, त्याचं बोलिंग ग्रीन हे कॉलेज आहे की बोलिंग अॅली. आता तोच हसणारा फॅनिनच्या बदल्यात २०२६ चा सेकंड राऊंड पिक (ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतली निवड) द्यायला तयार आहे! मुलाच्या कॉलेजचे आकडे तर वेड लावणारे आहेत पण टीममध्ये आधीचा टाईट एंड डेव्हिड एनजोकू बसलाय आणि क्वार्टरबॅक (पास टाकणारा) कोण हे ब्राऊन्सनाच माहीत नाही. ठेवू का विकू? लाँग टर्म बघायचं तर नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी हे बघ की जो हसला तोच विकत घ्यायला आलाय, यावरून काय ते समज.

आता आकडे. २०२४ मध्ये फॅनिनने ११७ कॅच आणि १,५५५ यार्ड केले, कॉलेज फुटबॉलच्या वरच्या स्तरावर एका सीझनमध्ये कुठल्याही टाईट एंडने केलेल्यात हे सर्वाधिक. पण हुरळून जाऊ नकोस, कारण यार्डांचा आधीचा विक्रम होता टेक्सास टेकच्या जेस अमारोचा, २०१३ मधले १,३५२ यार्ड, जेट्सनी त्याला एनएफएल ड्राफ्टच्या सेकंड राऊंडमध्ये घेतलं आणि दोन-तीन वर्षांत त्याचं नाव लोक विसरले. कॅचचा आधीचा विक्रम राईसच्या जेम्स केसीचा, २००८ मध्ये १११ कॅच, त्याला टेक्सन्सनी पाचव्या राऊंडमध्ये घेऊन फुलबॅकसारखा (मुख्यतः ब्लॉकिंगला) वापरला. म्हणजे फॅनिनने ज्या दोघांना मागे टाकलं त्यातला एकही फँटसीत कुणाचं भलं करू शकला नाही. आपल्याकडे बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, टाईट एंडचे दिसत नाहीत.

मग त्याच्याकडे बघायचं तरी कशाला? तर माझ्यासाठी ती ११७ ची बेरीज नाही, त्यातल्या दोन मॅच आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये बोलिंग ग्रीन पेन स्टेटला त्यांच्या घरी जाऊन भिडलं, ३४-२७ ने हरलं, आणि त्या मॅचमध्ये फॅनिनचे ११ कॅच, १३७ यार्ड, एक टचडाऊन. समोरच्या बाजूला पेन स्टेटचा टाईट एंड होता टायलर वॉरन, त्याचे ८ कॅच, १४६ यार्ड. एकाच मैदानावर, एकाच दुपारी. नंतर टेक्सास ए अँड एमविरुद्ध परत ८ कॅच, १४५ यार्ड. म्हणजे छोट्या कॉलेजांना झोडपून आकडे फुगवलेत असं म्हणायची सोय नाही, मोठ्यांसमोरही पोरगा तोच खेळला. एनएफएल ड्राफ्टमध्ये वॉरन १४ वा गेला, फॅनिन ६७ वा. हा फरक का पडला तेही ऐक, फॅनिन सहा फूट तीन इंच आहे पण वजनाने जरा हलका, आणि ४० यार्डांना ४.७१ सेकंद, म्हणजे डोळे दिपवणारा वेग नाही. एनएफएलवाल्यांना प्रश्न पडला की याला डिफेन्सिव्ह एंडसमोर (समोरच्या टीमच्या धिप्पाड गड्यासमोर) उभा केला तर काय होईल.

आणि इथेच तुझं घोडं अडणार आहे, कॅचिंगवर नाही. जो ब्लॉक करू शकत नाही त्याला कोच मैदानात ठेवत नाही, आणि मैदानातच नाही तर बॉल येणार कुठून? या पोझिशनला वेळ लागतो तो त्यामुळे, दोन नोकऱ्या एकदम शिकायच्या असतात. ट्रॅव्हिस केल्सी घे, २०१३ चा ६३ वा पिक, गुडघ्यामुळे पहिल्या वर्षी एकही कॅच नाही आणि पुढे २०१६ ते २०२२ सलग सात वर्षं हजारावर यार्ड. ट्रे मॅकब्राईडने २०२२ मध्ये, रूकी वर्षात, २९ कॅच, २६५ यार्ड आणि एक टचडाऊन केला, हिशोब कर, साध्या पीपीआरमध्ये ६१.५ पॉइंट, अख्ख्या वर्षाचे! २०२४ मध्ये त्याचे १११ कॅच आणि १,१४६ यार्ड. मी हे एवढं तोंडपाठ सांगतोय कारण त्या ६१.५ पॉइंटांनंतर मी त्याला ट्रेडमध्ये देऊन टाकला होता, एका रनिंग बॅकसाठी, ज्याचं नाव काढलं तर आमची ही अजून हसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे नाहीतर तू म्हणशील दादा फक्त गोड गोड सांगतो. केल्सी, मॅकब्राईड, पाचव्या राऊंडचा जॉर्ज किटल, ही नावं आपल्याला आठवतात कारण ते टिकले. थर्ड राऊंडमध्ये आलेले आणि चार वर्षं ब्लॉकिंग करून गुपचूप निघून गेलेले टाईट एंड कितीतरी आहेत, त्यांच्यावर कोण लिहितंय. आणि सगळेच हळू येतात असंही राहिलेलं नाही. सॅम लपोर्टाने २०२३ मध्ये पहिल्याच वर्षी ८६ कॅच आणि १० टचडाऊन केले, ब्रॉक बावर्सने २०२४ मध्ये ११२ कॅच, १,१९४ यार्ड. बावर्स, लपोर्टा बघून लोकांचा धीर सुटलाय, रूकीने ऑक्टोबरपर्यंत काही केलं नाही की ट्रेड ब्लॉकवर (विक्रीला). तुला याचा फायदाच आहे, पण तू स्वतः तसं करू नकोस म्हणजे झालं.

एनजोकूचं म्हणशील तर मला तो अडथळा कमी आणि घड्याळ जास्त वाटतो. तो २९ वर्षांचा झालाय, त्याचा करार २०२५ च्या सीझननंतर संपतो. त्याचंच बघ, २०१७ चा फर्स्ट राऊंड पिक आणि सगळ्यात मोठं वर्ष कधी, तर २०२३, सातवं! ८१ कॅच, ८८२ यार्ड, त्यातही शेवटचे आठवडे जो फ्लॅको बॉल टाकायला आल्यावर सुसाट. त्यात ब्राऊन्सचे २०२५ चे कोच स्टेफान्स्की दोन टाईट एंड एकत्र उतरवायला कचरत नाहीत, म्हणजे एनजोकू असतानाही फॅनिनला जागा मिळू शकते. क्वार्टरबॅकचा विचार तर सोडूनच दे. फ्लॅको चाळीस वर्षांचा आहे, बाकी दोन रूकी आहेत, आणि तू फॅनिन घेतलायस तो २०२७ साठी, तेव्हा बॉल कोण टाकत असेल हे आज कुठला ज्योतिषी सांगणार.

वयाचा मुद्दा मात्र पक्का. पोरगा जुलै २०२५ मध्ये २१ पूर्ण झालाय. बिल्सचा डाल्टन किंकेड रूकी वर्षातच २४ चा झाला होता, पहिल्या वर्षी ७३ कॅच, दुसऱ्या वर्षी दुखापतीत ४४, आणि लगेच लोकांनी वय काढायला सुरुवात केली. फॅनिनला तीन वर्षं शिकण्यात गेली तरी तो चोविशीत असेल.

आता नेमकं काय बघायचं. रविवारी एक वाजता ब्राऊन्सची मॅच लाव, एक वही घे (फोन नको, फोनवर तू स्कोअरच बघत बसशील) आणि बॉल विसरून फक्त ४४ नंबरकडे बघ. क्वार्टरबॅक पास टाकायला मागे सरकला की हा काय करतो? पळत पुढे गेला तर एक रेघ, जागेवर थांबून कुणाला अडवत बसला तर फुली, बाहेर बाकावर असेल तर शून्य. बस. पहिल्या महिन्यात रेघा निम्म्या आल्या तरी मी खूश होईन, नोव्हेंबरपर्यंत दहा पासिंग प्लेमध्ये सात रेघा आल्या तर त्याला कुणालाही देऊ नकोस, कॅच दोनच असले तरी. आणि पाच रूटमागे (म्हणजे पाच रेघांमागे) एकदा बॉल त्याच्याकडे येत असेल तर मग विषयच संपला. उलट दोन टचडाऊन आणि दहात रेघा चारच असं झालं तर तीच विकायची वेळ, कारण टचडाऊन बघून कुणीतरी डबल किंमत देईल. अँड्र्यूजचंच बघ, २०२४ मध्ये ५५ कॅचमध्ये ११ टचडाऊन, तुला वाटतं यंदा परत ११ होतील? मला नाही वाटत. विकायचाच असेल तर आधी अँड्र्यूजचा विचार कर, सीझन सुरू व्हायच्या आत.

सेकंड राऊंड पिकला फॅनिन देऊ नकोस. फर्स्ट देत असेल तर दे आणि मागे वळून बघू नकोस. टॅक्सी स्क्वाड (राखीव जागा) असेल तर त्यात टाक म्हणजे दर आठवड्याला त्याला लावायचा मोह होणार नाही.

जाता जाता, हा पोरगा कँटनचा, म्हणजे जिथे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम आहे तेच गाव, शाळाही त्याला लागूनच. कॉलेज ओहायोत, एनएफएल टीम ओहायोत. मी ओहायोतच राहतो त्यामुळे माझा थोडा पक्षपात धरून चाल. बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना तिथे नेलं होतं, ब्राँझच्या मुंडक्यांची ती अख्खी खोली बघून म्हणाले, "एवढे हिंदकेसरी?"

प्रश्न : टाईट एंड काईल पिट्स २०२१ पासून सांभाळतोय. काय करू?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : अरेरे. चौथा पिक, पहिल्याच वर्षी १,०२६ यार्ड, १९६१ च्या माईक डिटकानंतर हजार पार करणारा पहिला रूकी टाईट एंड, आपण सगळेच फसलो. खरं तर त्याच वर्षी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती, एवढ्या यार्डांत टचडाऊन फक्त एक, त्यामुळे पॉइंट १७६ च्या आसपासच, पण तेव्हा ऐकतंय कोण. मग गुडघा, मग ६६७ यार्ड, मग ६०२. पण आता विकायला गेलास तर कुणी चहा पण पाजणार नाही. तो अजून २४ चा आहे आणि रूकी कराराचं २०२५ हे शेवटचं वर्ष. चार वर्षं सांभाळलास ना, मग डिसेंबरपर्यंत सांभाळ.