सांगलीच्या कॉलेजात शिकवतो. हळदीच्या कंदकुजीवरचा माझा संशोधन प्रस्ताव दोनदा नाकारला गेला. सरकारी अनुदानाला वशिला लागतो का?

वशिल्याची शंका आधी बाजूला ठेवा. मी साताऱ्यात वनस्पतीशास्त्र शिकवतो. प्रस्ताव लिहिलेत, काही तपासलेतही. विषय परीक्षकाला पटतो हो, पण हे काम या जागी तडीस जाईल का, हे तो बघतो आणि तिथं आपण मार खातो. उणे ८० अंशांचा फ्रीझर नाही, आठवड्याला १६ तास शिकवणं, हाताशी प्राथमिक निकाल नाहीत. निकाल नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि पैशांशिवाय निकाल येणार कुठून? देशच संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, त्यात आपला नंबर मागेच.

बरं, पैसे मिळाले तरी जीवशास्त्राचं दुखणं वेगळंच. हळदीची लागण अक्षय्यतृतीयेच्या आसपास, कंद कुजतो भर पावसाळ्यात. अनुदानाचा हप्ता दिवाळीनंतर आला की नमुन्यांसाठी पुढचा पावसाळा. कास पठारावरच्या फुलांवर काम करणाऱ्यांचंही तेच. फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर, हिशेब मात्र मार्चअखेरचा. मला याचा मनापासून राग येतो. रोग ज्या शिवारात आहे तिथंच अभ्यासक बसलाय, आणि त्यालाच सिद्ध करावं लागतं की आपण काम करू शकतो.

तुमच्या जागी मी यंदाच्या पावसाळ्यात मिरज-तासगाव पट्ट्यातले कुजके कंद गोळा करून बुरश्या वेगळ्या केल्या असत्या. त्या पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करा. मिळणारा नोंदणी क्रमांक प्रस्तावात लिहिला की परीक्षकाला ठोस काहीतरी दिसतं. अवजड यंत्रं मागू नका. रसायनं आणि एक जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, मागा; यंत्रांसाठी शिवाजी विद्यापीठाचं वापराचं पत्र जोडा.

आणि थेट मोठ्या प्रकल्पाला हात घालण्याआधी ‘टेअर’ बघा. सर्बची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, ही योजना राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या कायम शिक्षकांसाठीच काढलेली, मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी. २०२४ पासून सर्बचा कारभार अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे गेलाय, तेव्हा जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर शोधा. प्राचार्यांचं संमतिपत्र मात्र आधीच घ्या आणि शिकवण्याचे तास कमी करण्याची सोय त्यात लेखी मागा. तोंडी ‘बघू’वर थांबलात तर ऐन पावसाळ्यात पेपर तपासत बसाल.