शब्दाचे मूळ : अजस्र

प्रश्न : बंदरात आलेल्या एका मालवाहू जहाजाच्या बातमीत ‘अजस्त्र जहाज’ असे वाचले. शाळेत आम्हाला ‘अजस्र’ शिकवले होते. यांतले शुद्ध रूप कोणते, आणि या शब्दाचा ‘अस्त्र’ शब्दाशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शुद्ध रूप ‘अजस्र’ हेच आहे आणि अस्त्राशी त्याचे कसलेही नाते नाही. संस्कृतातील ‘जस्’ या धातूचा एक अर्थ थकणे, क्षीण होणे असा आहे. त्याच्या आधी नकारार्थी ‘अ’ आणि पुढे ‘र’ हा प्रत्यय लागून ‘अजस्र’ सिद्ध होतो. पाणिनीने हा प्रत्यय ज्या सूत्रात (३.२.१६७) सांगितला आहे, त्याच सूत्राने नम्र आणि हिंस्र हे आपल्या रोजच्या वापरातले शब्दही तयार होतात.

तेव्हा ‘अजस्र’चा मूळ अर्थ मोठा असा नाहीच, तो न थकणारा, अखंड असा आहे. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात (९.११३) ‘यत्र ज्योतिरजस्रम्’ असे म्हणून, जिथे प्रकाश कधी मालवत नाही त्या लोकात मला ने, अशी सोमाची प्रार्थना केली आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील ‘क्षिपाम्यजस्रम्’ येथेही तो ‘सतत’ याच अर्थाने येतो. हिंदीत ‘अजस्र धारा’ म्हणजे आजही अखंड धार. मराठीत मात्र काळाचे हे न संपणे आकाराकडे वळले असावे : जे पाहता पाहता संपत नाही, ज्याचा शेवट एका नजरेत सापडत नाही, ते अजस्र. ‘प्रचंड’चेही असेच झाले, संस्कृतात तो मुख्यतः उग्र, प्रखर या अर्थाचा शब्द. म्हणूनच कडा, लाट किंवा तुम्ही वाचलेले जहाज यांना ‘अजस्र’ जितका शोभतो, तितका ‘अजस्र चूक’ या प्रयोगात मला शोभत नाही.

राहिला तो आगंतुक ‘त’. ‘अजस्र’ सावकाश उच्चारून पाहा : ‘स्’वरून ‘र’कडे जाताना जीभ दातांमागे क्षणभर टेकते आणि तिथे ‘त’ ऐकू येतो. शस्त्र, वस्त्र, शास्त्र यांची सवय असलेला हात तो लिहूनही टाकतो. ‘सहस्र’चे ‘सहस्त्र’ आणि ‘हिंस्र’चे ‘हिंस्त्र’ होते तेही याच वाटेने. या तिन्ही शब्दांत ‘स’ला थेट ‘र’ जोडावा.