सांधे जन्मापासून लवचिक आहेत. लिहिताना, झाकण उघडताना अंगठा मागे वळून दुखतो. काय करावं?

अंगठा ताणू नका, किंचित वाकलेला ठेवून काम करायची सवय लावा: पकडताना तर्जनी-अंगठ्याचा गोल व्हायला हवा, चपटा चिमटा नको. अस्थिबंध (हाडांना जोडणारे पट्टे) सैल असले की सांधा धरून ठेवायचं काम स्नायूंवर येतं. म्हणून अंगठा-तर्जनीमधला स्नायू बळकट करा: तळहात टेबलावर पालथा ठेवा, तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती रबरबँड घाला आणि तर्जनी सावकाश अंगठ्याकडे सरकवा, 10 वेळा. दुखलं की थांबा. पेनावर फोमची जाड नळी चढवा, झाकण तळव्याने फिरवा. टोकाचा सांधा मागे जात असेल तर आठच्या आकड्यासारखी स्प्लिंट-अंगठी (सांध्याला आधार देणारी) घाला, बुडाचा सरकत असेल तर मऊ पट्टा, तोही कामापुरताच; दिवसभर बांधला तर स्नायू आळसावतात. मात्र सांधा खरोखर निखळत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर व्यायामाआधी हँड थेरपिस्टला (हातावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.