सव्वादोन लाखांचा डॅक आणि घरातला कूलर

भुसावळचे एक वाचक विचारतात: वय ५४, मालगाडीवर लोको पायलट, १९९६ पासून नोकरीत, म्हणजे जुनी पेन्शन. घराचं कर्ज फिटलं, मुलगी कमावती झाली. मुदत ठेवीचे २ लाख २० हजार हातात आलेत, त्यातून तेवढ्याच किमतीचा डॅक, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांपासून स्पीकरसाठी आवाजाची लहर बनवणारा डबा, घ्यावा का? आत्ताचा डॅक ८ हजारांचा, स्पीकर ४० हजारांचे. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गाण्याच्या सीड्यांचं.

दादा, पैशांचं आधी उरकतो. तुम्हाला परवडतो. हीच रक्कम १० टक्क्यांनी वाढली तर निवृत्तीपर्यंतच्या ६ वर्षांत ३ लाख ९० हजारांच्या आसपास जाईल, हे खरं. पण तो हिशेब धरला तर आखाजीला खापरावरची पुरणपोळीही कुणी करू नये. फक्त दुकानदाराच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यात अडकू नका. प्रोसेसिंग फी आणि जीएसटी बघितलं की तो बिनव्याजी राहत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. त्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करणं एवढंच डॅकचं काम, आणि नीट बनवलेला ८ हजारांचा डबाही ते इतकं चोख करतो की राहिलेली चूक ऐकू येणं कठीण. स्पीकर त्याच्या कितीतरी पट जास्त आवाज बिघडवतात. उघडी फरशी आणि सपाट भिंती उरलंसुरलं बिघडवतात. शिवाय इतकी वर्षं इंजिनात काढलेले कान! आधी कानांची तपासणी करून घ्या, हे पैशांचा सल्लागार म्हणूनच सांगतोय.

तरी मन मानत नसेल, तर अनामत भरून डॅक आठवडाभर घरी मिळतो का ते विचारा. स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावून दोन्ही डॅकचं व्होल्टेज अगदी सारखं करा, कारण थोडा मोठा आवाजही कानाला ‘चांगला’ वाटतो. मग तुम्ही पाठ करून बसा आणि तुम्हाला न सांगता वहिनींना डॅक बदलू द्या. १० पैकी ९ वेळा ओळखलात तर खुशाल घ्या. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. नाहीच ओळखता आला, तर ८० हजारांत चांगले स्पीकर, जाड पडदे आणि सतरंजी होईल. बाकीचे पुन्हा ठेवीत टाका.

चाचणी घेताना कूलर मात्र बंद करू नका. भुसावळच्या उन्हाळ्यात गाणं त्याच्या घरघरीतच ऐकायचंय.